दाखविण्यासाठीं कीं वापरण्यासाठीं?



हातांत मोबाइल नाहीं असा महाविद्यालयीन विद्यार्थी आज विश्रामबागच्या रस्त्यावर शोधूनहि सांपडावयाचा नाहीं. त्याबद्दल वडीलधाऱ्यांनीं नाकें मुरडावीं, हें आम्हांस पसंत नाहीं. ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलाशीं कृष्णामाईचें पाणी ५७ फुटांवर चढलें, तेव्हां कोण कोठें अडकलें आहे, नाव कोठें पाहिजे, औषध कोठें पाहिजे, हें तरुणांनीं याच साधनानें घरोघर कळविलें. तेव्हां दोष साधनाचा नव्हे.

आमचा प्रश्न निराळा आहे. आपण वस्तु घेतों ती वापरण्यासाठीं, कीं इन्स्टाग्रामवर दाखविण्यासाठीं? चहा निवून जातो. पण कपाचें छायाचित्र मनासारखें येईपर्यंत कोणी घोट घेत नाहीं. मित्राचा नवा मोबाइल पाहिला कीं, कालपर्यंत उत्तम चालणारा आपला मोबाइल एकाएकीं जुना दिसूं लागतो. मग हप्ते सुरू होतात. ते भरतो कोण? तासगांवकडे द्राक्षबागेंत औषध फवारणारा बाप, नाहीं तर हळदीच्या काढणीस जाणारी आई. छायाचित्रांत मुलगा असतो, मोबाइल असतो. आईबाप मात्र त्यांत कोठेंच दिसत नाहींत.

हीं माध्यमें फुकट आहेत, असें आपण समजतों. परंतु त्यांचा संसार जाहिरातींवर चालतो, आणि जाहिरातदारास विकलें जातें तें आपलें लक्ष. 'लाइक'च्या आंकड्याचें दडपण कमी व्हावें म्हणून इन्स्टाग्रामनेंच २०२१ सालीं तो आंकडा लपविण्याची सोय करून दिली. ती आपणांपैकीं कितीजणांनीं वापरली आहे?

कोणी म्हणेल, तरुणपणीं हौस करावयाची नाहीं, तर केव्हां? हौसेस आमचा विरोध नाहीं. आणि ऋण काढून लग्नांत थाट करणाऱ्या आम्हां वडील मंडळींस उपदेशाचा अधिकारहि थोडाच आहे. तथापि एक उदाहरण आपल्या घरचेंच आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं सातारा जिल्ह्यांतील काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली. 'कमवा आणि शिका' या त्यांच्या शिकवणीप्रमाणें गरिबांचीं मुलें शेतांत व बांधकामावर राबून शिकलीं. रुपयाची किंमत त्यांच्या तळहातांस ठाऊक होती. अंगावरचा सदरा जुना म्हणून त्यांची मान खालीं गेली नाहीं. कारण त्यांची प्रतिष्ठा त्यांच्या स्वतःच्या हातांत होती. आपली मात्र परक्याच्या अंगठ्यावर येऊन बसली आहे.

आज शाळेंत असलेले आपण उद्यां महाविद्यालयांत जाल. म्हणून हें येथेंच सांगून ठेवितों. कोणतीहि वस्तु घेण्यापूर्वीं मनास एकच प्रश्न विचारावा: 'ही कोणासहि दिसणार नसती, तरी मीं घेतली असती काय?' उत्तर होकारार्थी आलें, तर खुशाल घ्यावी. नकारार्थी आलें, तर तो पैसा आईबापांच्या गांठीस राहूं द्यावा. त्याचें छायाचित्र निघणार नाहीं. परंतु घरीं त्या रात्रीं कोणास तरी शांत झोंप लागेल.