जावे त्याच्या वंशा

आमच्या शाळेच्या ग्रंथालयातील पुस्तकांना दरवर्षी सुट्टीत ऊन दाखवावे लागते. यंदा हे काम चालू असता पाठ उसवलेले एक जुने इंग्रजी पुस्तक हाती आले. उभ्याउभ्या चाळावयास घेतलेले ते पुस्तक दोन दिवसांत संपवूनच आम्ही खाली ठेवले. हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ ही ती कादंबरी. १९६० साली ती प्रसिद्ध झाली, पुढल्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि १९६२ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. ऐन विशीत आम्ही ती प्रथम वाचली, तेव्हा तिच्यातील वकिलाने आम्हांस भारून टाकले होते. पन्नाशी उलटल्यावर मात्र आमची दृष्टी खिळून राहिली ती आरोपीवर.

ज्यांनी ही कादंबरी वाचली नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. काळ १९३० नंतरच्या मंदीचा. स्थळ अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्यातले मेकोम नावाचे कल्पित गाव. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर एका गोऱ्या तरुणीवर अत्याचार केल्याचा आरोप येतो. न्यायाधीश त्याचे वकीलपत्र ॲटिकस फिंच या गोऱ्या वकिलाकडे सोपवितात, आणि तोही ते मनापासून चालवितो. सारे गाव उलटते. त्याच्या लहानग्या स्काऊटला आणि जेमला शाळेत टोमणे ऐकावे लागतात. खटला आपण हरणार, हे ॲटिकसला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. तरीही तो उभा राहतो. कारण हार ठरलेली असताही आरंभ करणे आणि शेवटपर्यंत नेणे, यालाच तो धैर्य म्हणतो.

पुरावा तर लख्ख आहे. मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूस मार लागलेला, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडून निकामी झालेला. उलट मुलीचा बाप भर न्यायालयात डाव्या हाताने सही करतो. डॉक्टरला तर कोणी बोलावलेलेच नसते. एवढे असूनही टॉम दोषी ठरतो, आणि पुढे तुरुंगातून पळू पाहताना पहारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडतो.

परंतु टॉमला खऱ्या अर्थाने बुडविले ते त्याच्याच एका वाक्याने. ती मुलगी, मायेला, आईवेगळी. दारुड्या बापाच्या घरात धाकट्या भावंडांचे करता करता पिचलेली. उकिरड्याशेजारच्या त्या झोपडीत टवके उडालेल्या भांड्यांतून तिने लाल फुलांची झाडे जपलेली. जाता-येता टॉम तिला लाकडे फोडून देई, पाणी आणून देई. मोबदला घेत नसे. का, असे सरकारी वकिलाने खोदून विचारल्यावर तो सरळपणे सांगून जातो की, आपल्याला तिची कीव येत असे. त्या क्षणी सभागृहातले वातावरण फिरते. काळ्या माणसाने गोऱ्या बाईची कीव करावी! आरोपातला अत्याचार एक वेळ बाजूला राहिला. ही करुणाच तेथे अक्षम्य ठरली.

आपल्याकडे म्हण आहे, ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’. ॲटिकसही आपल्या मुलीला निराळ्या शब्दांत हेच शिकवितो. परंतु वाचकहो, त्या न्यायालयात दुसऱ्याच्या वंशा जाऊन आलेला पहिला माणूस टॉम होता, आणि तेच त्याला भोवले. पूर्वग्रह हा नेहमीच द्वेषाच्या रूपाने येतो असे नाही. तो दयेलाही उतार ठरवून देतो. दया वरून खाली वाहिली की पुण्य. खालून वर निघाली की उद्दामपणा. ज्यूरीतील ती बारा माणसे काही राक्षस नव्हती. आजारी शेजाऱ्याकडे सूप घेऊन जाणारी, रविवारी प्रार्थनेस बसणारी, अशीच ती असणार. फक्त त्यांच्या करुणेला एकच दिशा ठाऊक होती.

त्यांपैकी एकाचे मन मात्र काही तास अडले, हेही लेखिका सांगते. खटल्याच्या आधी तुरुंगापुढे जमलेल्या जमावात स्काऊटने कनिंगहॅम नावाच्या शेतकऱ्याला ओळखले होते आणि त्याच्या मुलाची, आपल्या वर्गसोबत्याची, विचारपूस केली होती. जमावातला तो पुन्हा माणूस झाला आणि सर्वांना घेऊन परतला. अडून राहिलेला पंच त्याच कुळातला होता. निकाल बदलला नाही. तो केवळ लांबला.

या कादंबरीतले कृष्णवर्णीय आपल्याला गोऱ्या मुलीच्या डोळ्यांतूनच दिसतात, टॉमच्या घरात आपण फारसे शिरत नाही, हा आक्षेप आम्हांस रास्त वाटतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखिकेच्या दुसऱ्या, पण आधी लिहिलेल्या कादंबरीत तर वृद्ध ॲटिकस गोऱ्या-काळ्यांना एकत्र आणण्यास विरोध करताना दिसतो. पुष्कळांना तो धक्का वाटला. आम्हांला वाटला नाही. आम्ही स्वतःला ओळखतो.

अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तेथील लोकांना महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अर्पण केली होती. दूरच्या अन्यायात घरचा अन्याय ओळखणारी ती दृष्टी होती. तिचा थोडासा प्रकाश आमच्या उंबरठ्यावरही पाडावयास हवा.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमची पत्नी रुग्णालयात होती, मुले लहान होती. शाळेत झाडलोट करणारी बाई एके सकाळी फडक्यात भाकऱ्या बांधून दाराशी आली. “गुरुजी, पोरं उपाशी असतील,” एवढेच म्हणाली. “सगळी व्यवस्था झाली आहे,” असे सांगून आम्ही तिला परत पाठविले. व्यवस्था काहीच झालेली नव्हती. मुलांनी त्या दिवशी चहापाव खाल्ला. तिच्या मुलांना आम्ही दरवर्षी वह्या देत असू, आणि जात मानू नये अशी व्याख्यानेही देत असू. मग त्या भाकरीने आम्हांस काय बोचले? तिने आमची कीव करावी, हेच ना? आमच्या वह्या ती मात्र पुढेही हसतमुखाने घेत राहिली.

कादंबरीच्या अखेरीस स्काऊट त्या अबोल शेजाऱ्याच्या, बू रॅडलीच्या ओसरीवर उभी राहते आणि आपलाच रस्ता तिला तेथून प्रथमच निराळा दिसतो. चार पावलांचे ते अंतर तोडावयास तिला तीन उन्हाळे लागले. आम्हांला त्याहून फार अधिक लागले आहेत. ती बाई आता थकली आहे. गावाच्या त्याच टोकाला राहते. तिच्या घरी जावे, झाले ते सांगावे आणि भाकरी मागून खावी, असे आम्ही ठरविले आहे. लिहिणे सोपे, हे लिहून तीन दिवस झाले, पाय अजून उंबऱ्यातच आहे. पुढील अंक आपल्या हाती पडण्यापूर्वी तो बाहेर पडलेला असेल, एवढे वचन वाचकांच्या साक्षीने देऊन ठेवतो.