जुळ्या भावंडांचे दोन पिते

२०२४ सालच्या जुलै महिन्यात 'बॅड न्यूज' या नावाचा एक हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. आनंद तिवारी यांनी दिग्दर्शित केलेल्या या विनोदी कथेतील नायिकेला जुळी होणार असतात. परंतु त्या दोन गर्भांचे पिते दोन निरनिराळे पुरुष आहेत, असे तपासणीत निष्पन्न होते आणि मग ते दोघे परस्परांवर कुरघोडी करू लागतात. ही निव्वळ लेखकाच्या कल्पनेची भरारी आहे, असे पुष्कळ प्रेक्षकांना वाटले असेल. वस्तुतः असे घडू शकते, आणि क्वचित का होईना, घडलेले आहे. कथेचे बीज शास्त्राला धरून आहे. पण एवढे अर्धेच सत्य मनात घेऊन घरी गेलेला मनुष्य जर शेजारच्या घरातील एक गोरे व एक सावळे अशा जुळ्यांकडे निराळ्या नजरेने पाहू लागला, तर त्याचा उपद्रव एखाद्या निरपराध स्त्रीला आणि तिच्या मुलांना होतो. म्हणून उरलेले अर्धे सत्यही सांगणे अवश्य आहे.

जुळी दोन प्रकारची असतात. एकाच फलित बीजाचे प्रारंभीच दोन भाग होऊन दोन गर्भ वाढले, तर ती एकबीज जुळी होत. ती एकाच लिंगाची असतात आणि दिसण्यात इतकी सारखी असतात, की 'राम और श्याम' (१९६७) किंवा 'सीता और गीता' (१९७२) यांसारख्या चित्रपटांचा सारा डोलारा या सारखेपणावरच उभा राहू शकला. अशा जुळ्यांचे पिते दोन असणे शक्य नाही, कारण तेथे बीजच मुळी एक असते. दुसरा प्रकार द्विबीज जुळ्यांचा. स्त्रीच्या बीजकोशातून दर मासिक चक्रात सामान्यतः एकच स्त्रीबीज बाहेर पडते. परंतु कधीकधी दोन बीजे बाहेर पडतात व दोन्ही स्वतंत्रपणे फलित होतात. ही भावंडे एकाच वेळी गर्भाशयात वाढतात एवढेच. एरवी त्यांचे परस्परांशी असलेले नाते मागेपुढे जन्मलेल्या सख्ख्या भावंडांहून अधिक जवळचे नसते.

दोन पित्यांची शक्यता उद्भवते ती येथे. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम १२ ते २४ तास फलनक्षम राहते. शुक्रजंतू मात्र स्त्रीच्या शरीरात सुमारे ५ दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. तेव्हा त्या अवधीत स्त्रीचा दोन पुरुषांशी संबंध आला असेल आणि दोन बीजे उपलब्ध असतील, तर एक बीज एकाच्या आणि दुसरे दुसऱ्याच्या शुक्रजंतूने फलित होण्यास निसर्गाचा कोणताही अडथळा नाही. हे दोन संबंध एकाच रात्रीतले असले पाहिजेत, असेही नाही. मात्र गर्भ एकदा रुजला, की शरीरातील संप्रेरके नवे बीज बाहेर पडू देत नाहीत. त्यामुळे एक गर्भ महिना-दोन महिन्यांचा झाल्यावर दुसऱ्या पित्याचा गर्भ त्याच्या शेजारी येऊन राहतो, ही कल्पना मनुष्याच्या बाबतीत जवळजवळ सोडून द्यावी. युरोपातील रानसशाच्या मादीला पहिल्या गर्भावर दुसरा गर्भ राहतो हे सिद्ध झाले आहे. पण सशाचा नियम माणसाला लावता येत नाही.

१९८८ सालच्या 'ट्विन्स' या अमेरिकन चित्रपटात याहून मोठी गफलत आहे. तेथे शास्त्रज्ञ सहा निवडक पुरुषांचे बीज एकत्र करून एक सर्वगुणसंपन्न मूल घडवू पाहतात. त्या गर्भाचे दोन भाग होतात आणि सारे गुण एका भावाकडे व सारे अवगुण दुसऱ्याकडे जातात. अर्नोल्ड श्वार्झनेगर आणि डॅनी डेव्हिटो यांना शेजारी उभे केल्यावर प्रेक्षक हसले, हे योग्यच झाले. पण सहा पित्यांचे मिश्रण होऊ शकत नाही. एका बीजात एक शुक्रजंतू शिरला, की बीजाचे आवरण तत्काळ पालटते आणि इतरांना दार बंद होते. चुकून दोन शिरले, तर गुणसूत्रांची संख्या बिघडते व असा गर्भ सहसा तग धरत नाही. एका मुलाला एकच जन्मदाता पिता असतो. दोन पिते असतात ते जुळ्यांच्या जोडीला.

हा प्रकार खेड्यापाड्यांतील माणसांना अपरिचित नाही. मांजरीच्या एकाच वेतातील पिल्लांचे बाप निरनिराळे असू शकतात, आणि कुत्रीच्या बाबतीतही तसेच. प्राचीन कथांनाही ही कल्पना परकी नव्हती. माद्रीने अश्विनीकुमारांचे आवाहन केले व त्या दोघांपासून तिला नकुल आणि सहदेव झाले, असे महाभारत सांगते. ग्रीक कथेत अल्कमिनीच्या पोटी झ्यूस देवापासून हेराक्लीझ आणि मर्त्य पतीपासून इफिक्लीझ असे जुळे जन्मले. यावरून प्राचीनांना गर्भशास्त्र अवगत होते असे अनुमान काढण्याचा मोह टाळलेला बरा. एवढे मात्र दिसते, की नकुल-सहदेवांच्या जन्मकथेवरून त्यांना किंवा त्यांच्या मातेला कोणी हिणवले नाही.

पुराव्याचा प्रश्न मात्र अलीकडचा आहे. १८१० साली जॉन आर्चर या अमेरिकन वैद्याने एका गोऱ्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. अल्पावधीत एका गोऱ्या व एका कृष्णवर्णीय पुरुषाशी संबंध आल्यावर तिला एक गोरे व एक मिश्रवर्णी अशी जुळी झाली होती. त्या काळी कातडीच्या रंगावाचून दुसरे साधन हाती नव्हते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधून काढले. परंतु रक्तगटावरून अमुक पुरुष पिता नव्हे एवढेच कधीकधी सांगता येई, अमुकच पिता आहे हे सांगता येत नसे. १९७८ साली पांढऱ्या पेशींवरील प्रतिजनांच्या आधारे अमेरिकेत दोन पित्यांच्या जुळ्यांचे निदान झाले. १९८४ साली इंग्लंडमध्ये लेस्टर येथे ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनए ठशांची पद्धत शोधली आणि तेथून पुढे शंकेला फारशी जागा उरली नाही.

अशी जुळी किती असतात? १९९२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पितृत्वतपासणीच्या ३९,००० नोंदींमध्ये अशी ३ उदाहरणे आढळली. म्हणजे १३,००० नोंदींत एक. त्याच पाहणीत दुसराही आकडा आहे: पितृत्वाचा वाद झालेल्या द्विबीज जुळ्यांत हे प्रमाण शेकडा २·४ भरले. उदाहरणे तीच, केवळ भाजक बदलला. वृत्तपत्रे यांपैकी आपल्याला सोयीचा आकडा उचलतात. दोन्ही आकडे ज्यांच्याविषयी वाद उपस्थित झाला त्यांचे आहेत, सर्वसाधारण कुटुंबांचे नव्हेत, हे ध्यानात न ठेवल्यास त्यांतून भलताच निष्कर्ष निघतो.

आणि निष्कर्ष काढण्याची घाई लोकांना फार असते. द्विबीज जुळ्यांतील एक मुलगा व एक मुलगी असू शकते, एकाचे केस कुरळे व दुसऱ्याचे सरळ असू शकतात, एकाचा रक्तगट अ आणि दुसऱ्याचा ब असू शकतो. हे सारे एकाच पित्यापासून सहज संभवते. कातडीचा वर्ण एका जनुकावर ठरत नाही. पुष्कळ जनुके मिळून तो ठरवतात. त्यामुळे ज्या देशात एका आईच्या चार लेकरांत गव्हाळ, सावळा व गोरा असे तिन्ही वर्ण नित्य पाहावयास मिळतात, तेथे जुळ्यांच्या वर्णभेदाने कोणी चकित व्हावे हेच चमत्कारिक होय. चेहऱ्यावरून पितृत्व ठरवणे ही परीक्षा नव्हे, ती कुचाळकी होय. 'बॅड न्यूज'सारख्या चित्रपटाने ही दोन वाक्ये आपल्या डॉक्टरांच्या मुखी घातली असती, तर विनोद तिळमात्र कमी झाला नसता.

चित्रपटात दोन्ही पुरुष पितृत्वावर हक्क सांगतात. न्यायालयात बहुधा उलट चित्र दिसते. २०१५ साली अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका अविवाहित मातेच्या जुळ्या मुलींचा असाच खटला झाला. एकाच आठवड्यात आपला दोन पुरुषांशी संबंध आल्याचे मातेने सांगितले होते. तपासणीत संबंधित पुरुष एकाच मुलीचा पिता ठरला आणि न्यायाधीशांनी त्याला त्या एकीच्याच पोषणाचा खर्च देण्यास सांगितले. शास्त्राच्या दृष्टीने निर्णय अचूक होता. पण एकाच दिवशी जन्मलेल्या, एकाच घरात वाढणाऱ्या दोन बहिणींपैकी एकीच्या नावे दर आठवड्याला पैसे येणार आणि दुसरीच्या नावे नाही, हेही त्याच निर्णयाने ठरले.

भारतीय कायद्याचा कल निराळा आहे. विवाह कायम असताना जन्मलेले मूल पतीचेच मानावे, पती-पत्नींचा परस्परांशी संपर्कच अशक्य होता असे सिद्ध झाले तरच अपवाद करावा, हे १८७२ च्या पुरावा कायद्यातील तत्त्व २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम ठेवलेले आहे. रक्ततपासणीचा आदेश सरसकट देता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली सांगितले. आणि २०२३ साली, पती-पत्नींच्या भांडणात मुलाला डीएनए तपासणीसाठी ओढता कामा नये, त्या मुलाचाही स्वतःचा हक्क आहे, असे बजावले. डीएनएचा ठसा मिळवणे आज काही दिवसांचे काम झाले आहे. तो मागण्याचा अधिकार कोणाला आणि केव्हा असावा, हे प्रयोगशाळेने ठरवावयाचे नाही, आणि शेजाऱ्यांनी तर नाहीच.