नाव ऐकू आलं का?

एप्रिल २०२०. लॉकडाऊनमुळे सगळे घरात आणि सगळ्यांच्या हातात फोन. आमच्या फॅमिली ग्रुपवर वडोदऱ्याच्या आत्याने एक व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं होतं, "नीट ऐका, नाव घेतलंय."

मी इअरफोन लावून तीनदा ऐकलं. खरं सांगते, तिसऱ्या वेळी मलाही ते नाव ऐकू आलं. मग दादाला काहीही न सांगता फक्त आवाज ऐकवला. तो म्हणाला, "कुणीतरी बस बस म्हणतंय."

तुम्हालाही आठवत असेल. पालघर जिल्ह्यातलं गडचिंचले गाव. १६ एप्रिलच्या रात्री दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर एका अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघाले होते. चोर येतात, मुलं पळवतात अशी अफवा त्या भागात फिरत होती. जमावाने गाडी अडवली आणि पोलिसांच्या डोळ्यांदेखत तिघांना ठार मारलं.

सुरुवातीला बातमी लहानच होती. १९ तारखेला व्हिडिओ पसरला आणि काही चॅनलवर थेट धर्मावर चर्चा सुरू झाली. 'ओय, बस' या दोन शब्दांचं सोशल मीडियावर एक मुस्लिम नाव झालं. फॅक्ट-चेक करणाऱ्यांनी ते खोडून काढलं. २२ तारखेला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर केली. त्यात एकही मुस्लिम नव्हता.

यादीची बातमी मी ग्रुपवर टाकली. कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आत्याने रव्याच्या लाडवांचा फोटो टाकला.

मला मात्र दुसरी बाजूही खटकली. यादी आल्यावर माझ्या कॉलेजच्या ग्रुपवर "बघा, आम्ही म्हणत होतो" असा जल्लोष झाला आणि विषय संपला. पोलीस समोर असताना तीन माणसं मेली कशी, हे तिथेही कुणी विचारलं नाही. आरोपीचा धर्म कळला की बातमी संपते का?

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना असंच मारलं होतं. पोटासाठी भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसं. अफवा तीच, मुलं पळवणाऱ्यांची. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी ५ चॅटनाच फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. पण आमच्या ग्रुपवर त्या पाच जणांबद्दल एकही मेसेज आल्याचं मला आठवत नाही. त्यात भांडायला दुसरा धर्मच नव्हता ना!

आत्या हल्ली असं काही आलं की आधी मला पाठवते. "बघ गं, खरं आहे का?" मी कामात असते, उत्तर द्यायला संध्याकाळ होते. तोवर तिने ते दोन ग्रुपवर टाकलेलं असतं.