एका म्यानात दोन तलवारी

कोलकात्यातील चांदनी चौकाचा बाजार संगणकाच्या सुट्या भागांसाठी आणि दुरुस्तीसाठी प्रसिद्ध आहे. संगणक फार मंद झाला म्हणून भवानीपूरचे एखादे निवृत्त गृहस्थ तेथे येतात, तेव्हा त्यांच्या यंत्रात एक सोडून तीन-तीन अँटिव्हायरस निघाले तर नवल वाटू नये. पहिला संगणकाबरोबर चाचणीपुरता मिळालेला, दुसरा सुटीवर आलेल्या मुलाने घातलेला आणि तिसरा इंटरनेटवर फुकट मिळाला म्हणून उतरवून घेतलेला. निवृत्तिवेतनाचे खाते याच संगणकावरून पाहावयाचे असल्याने जितके पहारेकरी अधिक तितके बरे, हा त्यांचा विचार सहज समजण्याजोगा आहे. मात्र तो चुकीचा आहे.

या समजुतीला जुना आधार आहे. पुण्यात कैलास व संजय काटकर या बंधूंनी १९९० च्या दशकात दुरुस्तीच्या छोट्या व्यवसायातून ‘क्विक हील’ची उभारणी केली, त्या काळी विषाणू मुख्यतः फ्लॉपीतून येत. फ्लॉपी एका प्रोग्रॅमने तपासावी, मग हवी तर दुसऱ्याने, यात काही बिघडत नसे. आजचा अँटिव्हायरस मात्र अखंड जागा असतो. कोणतीही फाइल उघडली की ती वाटेतच अडवून तो तपासतो. असे दोन पहारेकरी एकाच दारात उभे राहिले, की एकाने तपासावयास घेतलेली फाइल दुसराही अडवतो, एकाने बाजूला काढून ठेवलेला विषाणू दुसऱ्याला नवा हल्ला वाटतो आणि प्रसंगी एकमेकांच्या फाइलींवरच संशय घेतला जातो. संगणक रखडतो, अडकतो आणि शेवटी कंटाळलेला मालक दोन्ही प्रोग्रॅम बंद करून टाकतो. सुरक्षेचा अतिरेक असा असुरक्षिततेत संपतो.

दोन डॉक्टरांचे मत घेणे शहाणपणाचे नाही काय, असा प्रश्न कोणी विचारील. जरूर घ्यावे, पण दोघांनी एकाच वेळी शस्त्रक्रिया करू नये. मागणीनुसार एकदा तपासणी करून थांबणारा दुसरा प्रोग्रॅम अधूनमधून वापरण्यास हरकत नाही. अखंड पहारा मात्र एकाचाच असावा. विंडोजमधील डिफेंडर दुसऱ्या मान्यताप्राप्त अँटिव्हायरसची नोंद होताच सामान्यतः स्वतःहून बाजूला होतो, तो याच कारणाने.

हे प्रोग्रॅम संगणकाच्या किती खोलवर काम करतात, याचा प्रत्यय १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाला आला. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अद्ययावतीकरणामुळे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. एका पहारेकऱ्याची चूक एवढी महाग पडत असेल, तर दोघांच्या भांडणाला घरात जागा देण्यात कोणते शहाणपण?

खरा धोका मात्र याहून वेगळा आहे. सतत इशारे देणाऱ्या पडद्यामुळे माणूस गोंधळतो आणि गोंधळलेला माणूस मदतीचा कोणताही क्रमांक फिरवतो. मायक्रोसॉफ्टचे प्रतिनिधी असल्याची बतावणी करून ब्रिटनमधील नागरिकांना लुबाडणाऱ्या बनावट कॉल सेंटरांवर कोलकाता पोलिसांनी २०१९ मध्ये छापे घातले होते. ‘तुमच्या संगणकात विषाणू आहे’ असे सांगून दूरस्थपणे ताबा घ्यावयाचा, ही या धंद्याची रीत. खरा इशारा कोणता आणि खोटा कोणता, हे ज्याला उमगत नाही तो अशा भामट्यांचे आयते सावज ठरतो. घरात एकच अँटिव्हायरस असेल आणि त्याची खिडकी ओळखीची असेल, तर परकी खिडकी लगेच डोळ्यांत खुपते.

हा दोष एकट्या ग्राहकाच्या माथी मारणे न्यायाचे नाही. संगणक विकताना मुदतीचे प्रोग्रॅम न विचारता भरून देणारे विक्रेते आणि इशाऱ्यांच्या भीतीवर नूतनीकरण खपवणाऱ्या कंपन्या यांचाही त्यात वाटा आहे. बँक कर्मचाऱ्यांनीही ‘चांगला अँटिव्हायरस ठेवा’ एवढ्यावर न थांबता ‘एकच ठेवा’ हे आवर्जून सांगावयास हवे.

करावयाचे ते थोडेच आहे. एक प्रोग्रॅम निवडावा, तो अद्ययावत ठेवावा. बाकीचे रीतसर काढून टाकावेत. अवशेष राहिल्यास त्या-त्या कंपनीचे खास साधन वापरावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही ध्यानात असावे. मूळ भिंतच खचलेली असेल तर पहारेकरी काय करणार? पडद्यावर झळकलेल्या क्रमांकावर दूरध्वनी करू नये. फसवणूक झालीच तर संकोच न बाळगता तत्काळ बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे.

आयुष्यभराची पुंजी सांभाळण्यास पहारेकऱ्यांची गर्दी लागत नाही. एक विश्वासू पहारेकरी आणि जागा असलेला घरधनी एवढे पुरे.