रक्त गुणिले रंग

नाडीवर बोट ठेवण्याआधी आडनाव विचारणारा डॉक्टर आपल्याला नवा नाही. अमेरिकेत हेच काम आकड्यानं केलं, आणि त्याला विज्ञान म्हटलं. 1972 साली मुंबईत दलित पँथरनं ज्यांच्यावरून नाव घेतलं, त्या काळ्या माणसांची ही गोष्ट.

1984 साली ब्रुकलिनच्या डॉक्टरांनी एड्सच्या रोग्यांत मूत्रपिंडाचा विकार नोंदवला. लघवीतून प्रथिनं भसाभसा जातात, काही महिन्यांत मूत्रपिंड बसतं. रोगी बहुतेक काळे. शहाणे म्हणाले, हेरॉइनचं असेल. गर्दुल्ले साले! पुढं आईकडून लागण झालेल्या लेकरांतही तेच सापडलं. त्या लेकरांनी कुठली सुई टोचून घेतली होती? बोला!

मग सूत्र आलं. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून मूत्रपिंड किती चालतं त्याचा हिशेब. माणूस काळा असला की 2009 च्या सूत्रात उत्तर 1.159 नं गुणायचं. का? तर म्हणे काळ्यांचे स्नायू जास्त! मळ्यात कापूस वेचायला जुंपणाऱ्यांचाच हा डोळा.

आता मांडा हिशेब. गोऱ्याचं उत्तर 18. तेच रक्त, तेच वय, माणूस काळा: 21. नव्या मूत्रपिंडाच्या यादीत वेळ मोजायची हद्द 20. गोरा आत, काळा बाहेर.

कुणी म्हणेल, जनुकाचं काय? 2010 साली एपीओएल1 जनुकाची दोन घातक रूपं सापडली. आईबापा दोघांकडून आली, तर एचआयव्हीत धोका फार. पण बहुतेक काळ्यांत ही जोडी नसतेच. मग जनुक तपासा ना! कातडी काय तपासता?

तपासायचं ते साधं आहे. एचआयव्ही कळला की लगेच लघवीत प्रथिन पाहा, रक्तात क्रिएटिनिन पाहा. नुसत्या क्रिएटिनिनवर विसंबू नका. निम्मं काम बंद पडेपर्यंत ते गप्प बसू शकतं. टेनोफोव्हिर घेणाऱ्याची तपासणी पुन्हा पुन्हा करा, हे औषधही मूत्रपिंडाला इजा करू शकतं. विषाणू, औषध की साखर? शंका उरली तर मूत्रपिंडाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तिथं कातडीचा रंग दिसत नाही.

2021 साली तो गुणाकार सूत्रातून काढला. आपोआप नाही. वैद्यकीय विद्यार्थ्यांनीही आवाज उठवला तेव्हा. हुकलेला वेळ काळ्या रोग्यांना परत मोजून द्या, असा नियम 2023 साली लागू झाला. जे यादीबाहेरच मेले, त्यांचा वेळ कोण मोजणार?

दोस्तहो, रिपोर्ट हातात आला की आकडा कुणी मांडला, कशानं गुणला, ते विचारा. मान खाली घालून घरी येऊ नका.