शिपायाचें आभारपत्र

दूरदेशीं लढणाऱ्या शिपायास लोकांनीं भेटीची पेटी पाठवावी आणि त्यानें आभाराचें पत्र लिहावें, हा प्रघात दोन्ही महायुद्धांत होता. पत्र हातीं आलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें पुष्कळांस वाटतें. आम्हांस तसें वाटत नाहीं.

शिपाई आभार कशाचे मानतो, हें प्रथम पाहावें. १९१४ च्या नाताळानिमित्त इंग्लंडची राजकन्या मेरी हिच्या नांवानें जमलेल्या निधींतून सैनिकांकरितां पितळी डब्या तयार झाल्या. बहुतेक गोऱ्या शिपायांच्या भेटींत तंबाखू होती. शीख शिपायांकरितां मात्र ती वगळून खडीसाखर व मसाल्याची डबी ठेविली होती. दुसऱ्या महायुद्धांत, १९३९ सालीं लंडन येथें स्थापन झालेल्या इंडियन कम्फर्ट्स फंडानें युरोपांत कैदेंत पडलेल्या हिंदी शिपायांकरितां आटा, तांदूळ, डाळ व मसाला यांच्या पेट्या भरल्या. कैद्यास अन्न तर हवेंच असतें. परंतु आपण काय खातों हें दूर कोणास तरी ठाऊक आहे, या जाणिवेनें त्याचें मन अधिक भरतें. आभार खरे त्या आठवणीचे असतात.

कोणी म्हणेल, ज्या वर्धा जिल्ह्यांत पवनार येथें विनोबांनीं १७ ऑक्टोबर १९४० रोजीं युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला, तेथील मुलांस हा उपदेश कशास? त्यास उत्तर सेवाग्रामच्या महात्म्यानेंच आत्मचरित्रांत लिहून ठेविलें आहे. १९१४ सालीं लंडनमध्यें सरोजिनी नायडू यांनीं सैनिकांकरितां बेतलेल्या कपड्यांचा ढीग गांधीजींपुढें ठेविला, आणि त्यांनीं मित्रांच्या साह्यानें शक्य तितके कपडे शिवून दिले. साम्राज्याच्या युद्धास साह्य करावें, हें त्यांचें तेव्हांचें मत पुढें पालटलें. परंतु थंडींत कुडकुडणाऱ्यास वस्त्र देण्यांत दोष आहे, असें त्यांनीं कधीं मानलें नाहीं. वाटेवर घायाळ पडलेल्या मनुष्यास शोमरोन्यानें त्याची जात विचारली नाहीं, हा प्रभु येशूचा दाखलाहि आपण जाणतों. युद्धाचा निषेध करणाऱ्याच्या हातूनहि शिपायाची सेवा घडूं शकते.

आजहि शाळांतून सीमेवरील जवानांस राख्या पाठवितात. मुलांनो, एखाद्याचें आभारपत्र आलें तर तें फळ्यावर लावून विसरूं नका. त्यास उत्तर लिहा. त्याचें गांव कोणतें, घरीं कोण असतें, त्यास काय आवडतें, हें विचारा. आणि आईबापांनीं आपल्याच गांवांत पाहावें. ज्या घरचा मुलगा फौजेंत आहे, तेथील म्हातारीचें औषध कोण आणतो? तिचें पत्र कोण वाचून दाखवितो? पेटी वर्षांतून एकदां जाते. हें काम रोजचें आहे. शिपायाचा जीव ज्या घरांत गुंतलेला असतो, त्याची काळजी घेणें हीच त्यास पोंचणारी सर्वांत मोठी भेट होय.