जर्मनीची चूक आणि ढाक्याची शाळा

2022 च्या जूनमध्ये आमच्या स्टाफरूममध्ये दोन वर्तमानपत्रं पडलेली असत, एक मराठी, एक उर्दू. मराठीत परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी ब्रातिस्लाव्हात युरोपला कसं सुनावलं, त्याचं कौतुक. उर्दूत कराचीची दुकानं रात्री 9 ला बंद करण्याचा हुकूम. या दोन बातम्या एकाच धाग्याच्या आहेत हे कळायला मला बरेच दिवस लागले.

युरोपला सुनावलं म्हणून मीही खूश झालो होतो, खोटं कशाला बोलू? पण टाळ्या वाजवल्या की माणूस पुढचा विचार करत नाही. रशियाने युक्रेनवर केलेला हल्ला हा हल्लाच होता. त्याच्या गॅसला पैसे मोजत राहणं युरोपला जड जाणारच होतं. माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. तिथवर पोहोचलेच कसे?

2005 मध्ये चान्सलर श्रोडर यांनी रशियाबरोबर बाल्टिक समुद्राखालून पाइपलाइन ठरवली आणि पद सोडल्यावर थोड्याच महिन्यांत त्याच कंपनीत मोठ्या हुद्द्यावर जाऊन बसले. आपल्याकडे असं झालं असतं तर गल्लीतल्या पोरांनीही नावं ठेवली असती. पोलंडचे तेव्हाचे संरक्षणमंत्री सिकोर्स्की यांनी 2006 मध्येच या प्रकल्पाची तुलना 1939 च्या हिटलर-स्टालिन कराराशी केली. बर्लिनला तो कांगावा वाटला. 2014 मध्ये रशियाने क्रिमिया घेतला, तरी पुढच्याच वर्षी दुसऱ्या पाइपलाइनचा करार झाला. 2021 मध्ये जर्मनीच्या आयात गॅसपैकी निम्म्याहून जास्त गॅस रशियाचा होता. देशातलं सर्वांत मोठं गॅस साठवण केंद्र, रेहडेनचं, गॅझप्रॉमच्याच ताब्यात होतं आणि युद्धाआधीच्या हिवाळ्यात ते जवळपास रिकामं पडलं होतं. जहाजातून येणारा द्रवरूप गॅस उतरवायला जर्मनीच्या किनाऱ्यावर एकही टर्मिनल नव्हतं. स्वस्त मिळतंय ना, मग कशाला?

लिथुआनियाची लोकसंख्या 30 लाखांच्या आत. त्यांनी 2014 मध्येच क्लायपेडा बंदरात गॅस उतरवणारं एक तरंगतं जहाज भाड्याने आणून उभं केलं. महाग पडलं, पण मोजले पैसे. जहाजाचं नाव ‘इंडिपेंडन्स’. एप्रिल 2022 मध्ये रशियन गॅस पूर्ण थांबवणारा युरोपीय संघातला पहिला देश तोच होता. मला सुरक्षा म्हणजे काय ते या जहाजात दिसतं, रणगाड्यांच्या संचलनात नाही.

श्रीमंत जर्मनीने मात्र घाईने जगभरचा गॅस उचलला. 10 महिन्यांत विल्हेल्म्सहाफेनला टर्मिनलही उभं केलं. त्यांचा हिवाळा निभावला. पण जगात गॅस तेवढाच होता, त्यामुळे युरोपने वाढीव बोली लावली की दुसरं कुणीतरी रांगेतून बाहेर पडणार होतं. जुलैमध्ये पाकिस्तानने 10 जहाजांसाठी निविदा काढली, एकाही विक्रेत्याने बोली दिली नाही. त्याच महिन्यात बांगलादेशने खुल्या बाजारातून गॅस घेणं थांबवलं आणि ठरवून वीज कापायला सुरुवात केली. ऑगस्टमध्ये वीज वाचवायला तिथल्या शाळांचा आठवड्यातला एक दिवस कमी झाला. एक मास्तर म्हणून मी या बातमीपाशी अडकलो. बर्लिनमधल्या चुकीचा एक तास ढाक्यातल्या वर्गातून वजा झाला, आणि त्या मुलांना नॉर्ड स्ट्रीम हे नावही माहीत नसेल. हे दोन्ही देश आपापल्या चुकांनीही तिथे आले होते, मान्य. पण युरोपच्या ऊर्जासुरक्षेच्या भाषणांत हा हिशेब येतच नाही.

आणि अवलंबित्व तरी संपलं का? जुलै 2022 मध्ये उर्सुला फॉन डेर लाएन बाकूला गेल्या आणि अझरबैजानकडून दुप्पट गॅस घेण्याचा करार करून आल्या. सप्टेंबर 2023 मध्ये त्याच अझरबैजानने नागोर्नो-काराबाख घेतलं, लाखभर आर्मेनियन लोक घरदार सोडून गेले. अझरबैजान मुस्लिम देश आहे म्हणून इथे गप्प बसणाऱ्यांचंही मला नवल वाटतं.

याची झळ आपल्यालाही लागली. गेलने 2012 मध्ये गॅझप्रॉमच्या सिंगापूरच्या कंपनीशी 20 वर्षांचा करार केला होता. एप्रिल 2022 मध्ये तिची मूळ कंपनी जर्मन सरकारने ताब्यात घेतली आणि काही आठवड्यांत आपली जहाजं येईनाशी झाली. गेलला इथल्या खत कारखान्यांचा गॅस कमी करावा लागला. गेल लंडनच्या लवादात गेली, आणि जानेवारी 2025 मध्ये 28.5 कोटी डॉलर घेऊन मिटवलं. ढाक्यातल्या त्या शाळेला कुठे जायचं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.